हिरव्या चिमट्यातलं तिकीट

मी आता जे सांगणार आहे ती सरळसरळ फुशारकी आहे. सासूची फुशारकी मारणारी सून फारशी बघायला मिळत नाही, म्हणून आधीच कबूल केलेलं बरं. आणि हेही सांगून टाकते, की ज्या तीन आठवड्यांची ही गोष्ट आहे त्या तीन आठवड्यांत मी याच बाईवर जितकी चिडले तितकी जन्मात कुणावर चिडले नसेन. नवऱ्यावरसुद्धा नाही, आणि तिथं तर मला भरपूर सराव आहे.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, पस्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. परगावी फोन लावायचा तर आधी एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवायचा आणि मग फोनशेजारी बसून राहायचं, त्या काळातल्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोन टोकांची कॉर्ड. दिवा लागला की एक टोक इकडे, दुसरं तिकडे, 'बोला' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. हे बाजूला होणं फार महत्त्वाचं. जोडून दिल्यावर लाइनवर थांबणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं, असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या हाडीमासी खिळलं. आजही घरात कुणाचाही फोन आला की आई उचलणार, ज्याचा त्याच्या हाती देणार आणि खोलीबाहेर जाणार. पोटच्या मुलीचा फोन आला तरी दोन वाक्यं बोलून 'घे, बोल वहिनीशी' म्हणून माझ्या हातात देतात. ताई मला कितीदा म्हणाली, "अगं, आईला माझ्याशी बोलायचं नसतं का?" बोलायचं असतं, पण हाताला वळणच तसं पडलेलं.

नोकरीनं त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे मंद झालेला डावा कान. त्यामुळे आमच्या घरात रेडिओ मोठ्यानं लागतो. यावरून आमचं आणि वरच्या मजल्यावरच्या कर्नलचं दोन वर्षं भांडण. कर्नल सैन्यात कधीच नव्हता. पोस्टात होता. मिशा आणि चालणं बघून इमारतीनं त्याला बढती दिली होती. त्यानं आमच्याविरुद्ध तक्रारीचं पत्र लिहून जिन्यात चिकटवलं होतं, तेव्हापासून आई त्याला बघितलं की भिंतीकडे बघत जिना उतरायच्या.

तर साथीचं दुसरं वर्ष होतं. लस आली होती, पण फक्त साठीच्या पुढच्यांना. ती घ्यायला आधी अपॉइंटमेंट हवी, आणि ती मिळवायचे दोन रस्ते. एक संगणकावरून. आमचे हे रात्रपाळीहून आले की त्यापुढे बसायचे आणि गोल गोल फिरणारं चक्र बघत डुलक्या काढायचे. दुसरा रस्ता मदत केंद्राच्या फोनचा. सकाळी नऊला सुरू व्हायचा, आणि सव्वानऊ-साडेनऊला त्या दिवसाच्या जागा संपायच्या. एका कॉलवर एकच नाव. जागा मिळाली तर दुसऱ्या दिवशीची.

आईंना जागा हवी होती ती ताईसाठी. ताईचं बाळंतपण जवळ आलं होतं. नवरा जहाजावर इंजिनियर, आणि ते जहाज कुठल्याशा बंदराबाहेर अडकलेलं, माणसांना उतरू देत नव्हते. ताईची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेला सगळं व्यवस्थित असूनही शेवटच्या दिवशी बाळ गेलं होतं. त्यानंतर चार वर्षांनी हे. इस्पितळानं सांगितलं, सोबतीला एकच माणूस, तेही दोन्ही डोस झालेलं. दोन डोसांमध्ये अठ्ठावीस दिवस, आणि दुसऱ्यानंतर चौदा. मी शाळेत गणित शिकवते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून बेचाळीस दिवस मागे मोजले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चोवीस तारखेला लाल गोल केला. त्या दिवसापर्यंत पहिला डोस झाला तर आई लेकीजवळ असतील. नाहीतर ताई एकटी. मी जाऊ शकले असते, पण मी चाळिशीची, मला लस द्यायला कुणी तयार नव्हतं.

आईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं काढली, कात्रीनं त्यांचे हाताएवढे तुकडे केले आणि पहिल्या तुकड्यावर मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःचं नाव, वय, पत्ता आणि कोपऱ्यात वेळ लिहिली. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलचं असं तिकीट असायचं. फोनच्या वर त्यांनी सुतळी बांधली आणि ते तिकीट हिरव्या चिमट्यानं तिला लावलं. मला वाटलं, चला, दोन दिवसांत काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी तीन तारीख. आई आंघोळ करून, केस विंचरून, मनगटावर घड्याळ बांधून फोनसमोर बसल्या. मोबाइलवर नाही हं, घरातल्या जुन्या फोनवर. मीही शेजारी बसून मोबाइलवरून तोच नंबर लावू लागले. मला नुसतं टूं टूं टूं.

"अगं, नुसती बोटं काय आपटतेस," आई म्हणाल्या. "ऐक तरी. भरभर वाजतंय ना, म्हणजे रस्त्यातच गर्दी आहे. दहा मोजायचे आणि मग लावायचा. सावकाश वाजलं, की समजायचं आपण दारापर्यंत पोचलोय, आत कुणीतरी बोलतंय. मग क्षणभरही थांबायचं नाही."

नऊ वाजून नऊ मिनिटांनी त्यांना लागला. मला त्या तीन आठवड्यांत एकदाही लागला नाही, हेही फुशारकीतच धरा.

पण तीन तारखेला त्यांनी नाव दिलं ते स्वतःचं नव्हे. आदल्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू दारात उभ्या होत्या. एक फुप्फुस अधू, मुलं परदेशात, फोन लावून लावून रडकुंडीला आलेल्या. आईंनी दारातच तिकीट लिहिलं आणि हिरव्या चिमट्याच्या आधी लटकवलं. सकाळी तेच वाचून दाखवलं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, तुमचं तिकीट आधीचं होतं."

"माझं? मी ऑपरेटर आहे."

"म्हणजे?"

"बोर्डावर एक जरी दिवा लागलेला असेल तरी ऑपरेटरनं आपला कॉल लावायचा नाही. सगळ्यांत शेवटी."

"अहो, एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला!"

"एक्स्चेंज बंद झालं," आई म्हणाल्या, "मी कुठं बंद झालेय?"

काकूंना लस मिळाली ही बातमी इमारतीत फिरायला अर्धा दिवसही लागला नाही. तीन मजले, बारा घरं, मुलंबाळं पांगलेली, उरलेले बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. एकेक जण तोंडावर रुमाल बांधून दारात यायला लागला. दुसऱ्या मजल्यावरचं ग्रंथपाल जोडपं आलं. गच्चीवरच्या खोलीतला रंगारी आला. समोरच्या बिऱ्हाडातले दोघं बहीणभाऊ आले, ते तर एकमेकांशीही बोलत नव्हते, दोघांची तिकिटं वेगवेगळ्या वेळेची. सुतळीवर चौदा तिकिटं लटकली आणि प्रत्येक नव्या तिकिटाबरोबर हिरवा चिमटा एक जागा मागे सरकला.

मी रोज रात्री जेवताना हिशेब मांडायचे. इतके दिवस उरले, त्यातले इतके रविवार बंद, इतकी तिकिटं बाकी. आई भात कालवत ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बसतंय ना? मग झालं तर." बसत होतं, पण कसंबसं. आठ तारखेला फोन लागलाच नाही. बारालाही नाही. पंधरा तारखेला लागला आणि मधेच वीज गेल्यानं मदत केंद्राकडचं सगळं बंद पडलं. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी सांगा तुमच्या आईला. ते म्हणाले, "मी लहान असताना मला एकशे तीन ताप होता, तेव्हा तिनं शेजारच्या टेलिफोनवरून डॉक्टरांना फोन लावला होता. लाइनी भरल्या होत्या. एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर तिचीच मैत्रीण होती. तरी रांगेतच थांबली." आणि पाठ फिरवून झोपले. या घराण्यात मी एकटीच शहाणी, हे मला तेव्हा पुरतं पटलं.

रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा. "आईचा नंबर लागला का गं?" एवढंच विचारायची, पण अगदी बारीक आवाजात. आई फोन माझ्याकडे देऊन आत जाऊन उभ्या राहायच्या. एकदा मी बघितलं, त्या ओट्याशी उभ्या होत्या, हात कोरडे होते, आणि फडक्यानं पुसत होत्या.

एकोणीस तारखेला मी जे केलं ते आता सांगते. त्या दिवशी तीन तिकिटं उरली होती. वीस, एकवीस, बावीस. आणि तेवीसला आई. बरोबर बसत होतं, सुईच्या टोकाएवढीही जागा उरत नव्हती. दुपारी आई पडल्या होत्या आणि मी दाराशी झाडत होते, तर दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली. पोस्टातला माणूस, अक्षर मोत्यासारखं. नाव, खोली नंबर. 'वय अठ्ठ्याहत्तर. हृदयाचा त्रास. जमल्यास नोंदवावे. न जमल्यास हरकत नाही.' खाली वारसुद्धा लिहिला होता आणि वेळही. कर्नल.

मी दार उघडलं तेव्हा तो जिन्यावर पाठमोरा चढत होता, एकेका पायरीवर थांबत. मी हाक मारली नाही. चिठ्ठी घडी केली आणि साखरेच्या डब्याखाली सरकवली.

मनाला बजावलं, दोन वर्षं आमच्या रेडिओवरून आकाशपाताळ एक केलं यानं. मनाला बजावलं, त्यानंच लिहिलंय हरकत नाही. चार दिवस चहात साखर घालताना तो डबा मी असा उचलायचे की खालचं काही दिसू नये. माझीच साखर मला कडू लागत होती.

तेवीस तारीख उजाडली. सुतळीवर एकच तिकीट, हिरव्या चिमट्यात. सकाळी आठला ताईचा फोन आला. आज तिनं काही विचारलंच नाही. म्हणाली, "आईला सांग, नाही लागला तरी चालेल, मी धीट आहे." मी फोन ठेवला आणि आईंना तसंच्या तसं सांगितलं. आईंनी मान हलवली आणि घड्याळ बांधायला घेतलं. पट्टा दोनदा निसटला.

नऊ. भरभर टूं टूं. आईंनी दहा मोजले. पुन्हा भरभर. पुन्हा. नऊ पाचला सावकाश वाजलं, आईंची पाठ ताठ झाली, पुन्हा लावला, पुन्हा सावकाश. मी पलीकडच्या खुर्चीत, शाळेचा ऑनलाइन तास साडेनऊला, अंगावर साडी नीट आणि पायात घरातल्या सपाता. हे दारात उभे. नऊ अकराला पलीकडे घंटी वाजली. मी उठून आईंच्या उजव्या कानाशी कान नेला. खट्कन उचलल्याचा आवाज आला आणि एक मुलगी म्हणाली, "नमस्कार, लसीकरण मदत केंद्र."

आईंचा चेहरा उजळला. रोज हातात दुसऱ्याचं तिकीट असायचं, त्या माणसाच्या वतीनं त्या बोलायच्या. आज ज्याचा कॉल तो माणूस खोलीतच हजर होता. समोरचा उचलला गेला, इकडचा हजर आहे, म्हणजे ऑपरेटरचं काम संपलं. पस्तीस वर्षं हाताला जे वळण होतं त्यानं आपलं काम केलं. आई स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बोला." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

 आई हसतमुखानं माझ्याकडे बघत होत्या. मग ते हसू हळूहळू उतरलं.

"आई!" मी किंचाळलेच. "अहो, तुमचाच कॉल होता तो! तुम्हालाच बोलायचं होतं!"

आईंनी तोंडावर हात ठेवला.  हे पुढे आले, म्हणाले, "आई, असू दे, असू दे." त्या म्हणाल्या, "असू कसं देऊ? तुटलेला कॉल आधी जोडायचा असतो." आणि पुन्हा बटणं दाबायला लागल्या. भरभर टूं टूं. त्यांचे ओठ दहा मोजत होते.

आणि माझा बांध फुटला. "माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं. "माझ्याच पापामुळे. अजून एक तिकीट आहे, आई. मी लपवलंय. कर्नलचं. एकोणीस तारखेचं."

हे माझ्याकडे बघतच राहिले. आईंनी मागे वळूनही बघितलं नाही. फोन कानाला तसाच धरून दुसरा हात मागे केला, तळवा उघडा.

"आण."

मी आणली. साखरेचे चार कण चिकटले होते, ते मी पदरानं पुसले. आईंनी चिठ्ठी वाचली, तळव्यानं सपाट केली आणि फोनसमोर ठेवली. हिरवा चिमटा त्यांनी सुतळीवर एक जागा मागे सरकवला. मागे सरकवायला तिथं दुसरं काही नव्हतं, तरी सरकवला.

"आई, आज शेवटचा दिवस आहे," मी म्हटलं.  "उद्या चोवीस. ताईचं काय?"

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ड्यूटीवरचा होता. "त्याचा दिवा चार दिवसांपासून लागलाय गं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस चार दिवस दिवा लावून बसलाय, आणि इकडे बोर्डावर कुणी बघत नाही."

पलीकडे सावकाश वाजलं. त्यांनी तत्क्षणी पुन्हा लावला. घंटी. नऊ अठराला कुणीतरी उचललं. आई बोलू लागल्या. नाव, वय अठ्ठ्याहत्तर, खोली नंबर, हृदयाचा त्रास, जिने चढताना धाप लागते, सकाळची वेळ द्या, दुपारी ऊन असतं. एका दमात, एकही शब्द दोनदा नाही. पलीकडून बटणांची टकटक ऐकू येत होती. मुलगी म्हणाली, "उद्या सकाळी दहा. झालं."

"आभारी आहे," आई म्हणाल्या आणि फोन खाली आणू लागल्या. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. आणि फोनमधून ओरडल्यासारखा आवाज आला.

"ठेवू नका! आजी, ठेवू नका!"

आईंनी फोन पुन्हा कानाला लावला. मी धावत जाऊन कान चिकटवला.

"आजी, मघाशी 'बोला' म्हणून ठेवून दिलात त्या तुम्हीच ना?"

"हो," आई ओशाळून म्हणाल्या. "चूक झाली माझी."

"माझ्या शेजारच्या टेबलावर आला होता तो कॉल. ती इकडे हात हलवून सांगतेय. आवाज ओळखला तिनं. इथं सगळ्या ओळखतात तुम्हाला. रोज एक नाव, चाळीस सेकंदांत सगळी माहिती, वर मंडळींच्या वेळेची काळजी. आमच्या मॅडम नव्या मुलींना तुमचे कॉल ऐकवतात, फोनवर बोलावं कसं ते शिकायला."

"ऐकवतात?" आईंच्या भुवया चढल्या. "तुम्ही लोकांचे कॉल ऐकता?"

"आई!" मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"आजी, ऐका ना," मुलगी घाईनं म्हणाली. "कॉल लागला की फॉर्म उघडतो आणि एक जागा वीस मिनिटं धरून ठेवतो. तुमचा मघाचा फॉर्म तिच्याकडे अजून उघडा आहे. नाव लिहिलेलं नाही. एका कॉलवर एक नाव, आणि तुमचे कॉल झाले दोन. मघाच्या कॉलवर कुणाचं नाव होतं?"

भिंतीवरचं घड्याळ नऊ वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. आईंनी तोंड उघडलं. चौदा माणसांची नावं खडाखड सांगणाऱ्या माझ्या सासूबाई स्वतःच्या नावाशी येऊन अडल्या होत्या. हिरव्या चिमट्यातलं तिकीट समोर लटकत होतं आणि त्या त्याच्याकडे कुणा परक्याचं असावं तशा बघत होत्या.

"आजी? आहात ना लाइनवर?"

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. ओढूनच घेतला म्हणा. सुतळीवरचं तिकीट खेचलं, चिमटा उडून ह्यांच्या पायाशी पडला. आणि मी वाचायला सुरुवात केली. आई वाचायच्या तसंच, सरळ, न अडखळता. नाव. वय अडुसष्ट. पत्ता. आजार काही नाही, डावा कान मंद. वेळ सकाळी दहाचीच द्या, वरच्या मजल्यावरच्यांना जिना उतरायला सोबत होईल.

"व्यवसाय?" मुलीनं विचारलं. "निवृत्त लिहू?"

"नाही," मी म्हटलं. "टेलिफोन ऑपरेटर लिहा."

 मग ती मुलगी बहुधा फोनवर हात ठेवून, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं कुणाला तरी म्हणाली, "अगं, ऑपरेटर आहेत त्या! ऑपरेटर!" आणि मागे कुणीतरी टाळी वाजवली. एकीनं वाजवली, मग दुसरीनं. मी फोन आईंच्या उजव्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं. मान खाली घालून, एखादी बक्षीस घ्यायला उभी असलेली मुलगी असावी तशा उभ्या राहून ऐकलं. मी शाळेत आजवर पुष्कळ बक्षीस समारंभ बघितले आहेत, पण छाती भरून येणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. ही बाई माझी सासू आहे हे रस्त्यावर जाऊन ओरडावंसं वाटत होतं. त्याऐवजी मी वर्गाला नऊ चाळीसला उगवले आणि मुलांना सांगितलं, आज उशीर झाला, कारण विचारू नका, गणित काढा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या एका रिकाम्या दालनात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. आई आणि कर्नल शेजारच्या खुर्च्यांत, म्हणजे मध्ये सहा फूट. चिठ्ठी लपवल्याचं मी त्याला जिन्यातच सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "मीही लपवली असती." टोचून झाल्यावर अर्धा तास बसायला सांगतात, त्यात तो आईंशी दोन वर्षांनी पहिलं वाक्य बोलला. "तुमचा रेडिओ गेले तीन आठवडे का बंद आहे?" आई म्हणाल्या, "फोन वाजलेला ऐकू यावा म्हणून." त्यानं हातावरचा कापूस काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "आजपासून लावा."

बेचाळीस दिवस झाले. आई बॅग घेऊन इस्पितळात गेल्या, दोन्ही डोसांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी. दारावरच्या माणसानं कागद बघितले आणि त्यांना आत सोडलं. त्यानंतर दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या घरचा फोन वाजला. मी वर्ग तसाच सोडून धावले. हे दाढीला साबण लावलेलेच आले.

"मुलगी झाली," आई म्हणाल्या. "दोघी ठीक आहेत. थांब, देते."

आणि फोनमधून बाळाचं रडणं आलं. बारीक, चिरकं, रागीट. आमच्या घराण्यातलंच. आम्ही दोघं एका रिसीव्हरला कान लावून, साबणासकट, ऐकत उभे राहिलो. खूप वेळ. रडणं थांबलं, ताईचं काहीतरी बोलणं आलं, मग तेही थांबलं. मला वाटलं, आई सवयीप्रमाणे फोन देऊन खोलीबाहेर गेल्या असणार. मी विचारलं, "ताई, आई बाहेर गेल्या का?"

"नाही गं," पलीकडून आईच म्हणाल्या. "मी इथंच आहे. मीही ऐकतेय."